पाच ठिपक्यांच्या गोगलगायी

१२ डिसेंबर, गुरुवार

सिंधु, तू वही दिलीस त्याला बारा दिवस झाले आणि पहिलं अक्षर आज लिहितोय. माफ कर बाई. लातूरच्या स्टँडवर तू ती माझ्या पिशवीत कोंबलीस आणि म्हणालीस, अण्णा, रोज चार ओळी लिहा, मी संक्रांतीला आले की वाचीन. पण चौथी शिकलेल्या माणसाचा हात, दहा ओळींत मनगट भरून येतं. त्यात चष्म्याची काडी एसटीतच, लोह्याच्या अलीकडे मोडली. रविकांतने आज ती चिकटवून आणली, म्हणून आज सुरुवात.

मी बरा आहे. तुझा भाऊ मला घ्यायला स्वतः नांदेडच्या स्टँडवर आला होता. एवढ्या गर्दीत वाकून पाया पडला. लोक बघत होते, मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद, दोन ठिकाणी बसत बसत चढलो. शिवांगीने माझ्या खोलीत नवी चादर घातली होती, खिडकीशी खुर्ची ठेवली होती.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नकोस. सकाळ-संध्याकाळ मोठा पेला दूध, नाचणीची भाकर, तिळाचा लाडू, वर हाडाच्या ताकदीची गोळी. मी पेला संपवेपर्यंत सून समोर उभी असते. तुझी आई हात मोडल्यावर इथे दोन महिने राहिली तेव्हा फोनवर हेच सांगायची, सून लई जीव लावती, दोन टाईम दूध देती. मी म्हणायचो, तू लेकाची बाजू घेतीस. तिला जाऊन दीड वर्ष झालं, आता कबूल करतो, तिचं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी रवीने मला दवाखान्यात नेऊन सगळ्या हाडांची तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने हाडं दणकट आहेत. रवीला एवढा आनंद झाला की येताना पेढे घेतले. लहानपणी पास झाल्यावर मी त्याला घ्यायचो तसे.

माणिकप्पाला फोन करून म्हैस पाणी पिते का ते विचार. शेजारी म्हणून हो म्हणाला खरा, पण त्याचं ध्यान नसतं.

१४ डिसेंबर, शनिवार

आज रवीच्या धंद्याचं लिहितो. त्याने मेडिकल दुकानातली नोकरी सोडली. आता तो गोगलगायी पाळतो. हसू नकोस, मीही हसलो होतो. आपल्याकडे पावसाळ्यात कोवळं सोयाबीन खातात म्हणून मीठ टाकून मारतो त्या नव्हेत. या शोभेच्या, पाण्यातल्या. बैठकीत काचेच्या सात टाक्या आहेत, प्रत्येकीत वाळू, हिरवी झाडं आणि बुडबुड्यांची नळी. काही गोगलगायींच्या शंखावर वाघासारखे पट्टे, काहींना शिंगं. दिवसभर काचेवरचं शेवाळ चाटतात. श्वास घ्यायचा झाला की एक सोंड पाण्याबाहेर काढतात. अंडी पाण्याच्या वर, झाकणाखाली घालतात, गुलाबी घोसच्या घोस.

पण खरी किंमत खिडकीजवळच्या मोठ्या टाकीची. त्यातल्या गोगलगायी हस्तिदंतासारख्या, आणि प्रत्येकीच्या शंखावर पाच हिरवे ठिपके. चार भोवती, एक मधे. असा नग दुसऱ्या कुणाकडे नाही. हैदराबाद-पुण्याचे लोक नंबर लावून बसतात. मी रवीला म्हणालो, अरे, तुझ्या आईच्या हातावर हुबेहूब हेच गोंदण होतं, माळेगावच्या जत्रेत पोरपणी गोंदवलेलं. तो हसला आणि म्हणाला, अण्णा, तुम्हाला सगळीकडं आईच दिसती.

दुपारी दोघं बाहेर जातात तेव्हा टाक्या माझ्याकडे. उकडलेल्या काकडीच्या चकत्या टाकायच्या, काच पुसायची आणि मोठ्या टाकीत बरणीतली पांढरी भुकटी रोज एक चमचा सोडायची. फिल्टरच्या पाण्यात चुना नसतो, त्याने शंख झिजतात, म्हणून ही भुकटी. ती बाकी टाक्यांत टाकायची नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काम मिळालं, आणखी काय पाहिजे?

एकच वाईट वाटलं. संधिवातासाठी वीस वर्षं हातात होतं ते तांब्याचं कडं रवीने साबण लावून काढून घेतलं. तांबं म्हणजे गोगलगायींना विष. पाण्यात कडं पडलं तर एका दिवसात टाकी साफ होते म्हणे. पाणी प्यायचा तांब्याही त्याने उचलून ठेवला.

दाराला बाहेरून कुलूप लावून जातात. मी नवा आहे, चुकेन म्हणून. बरोबरच आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

गोगलगायी मला ओळखायला लागल्यात. मी खुर्ची ओढली की मोठ्या टाकीतल्या सगळ्या माझ्या बाजूच्या काचेवर येतात. मी त्यांच्याशी बोलतो. रवीने मोबाईलवर माझं चित्रण केलं आणि जिन्यात खालच्या मजल्यावरच्या लोकांना दाखवून हसवलं.

आज गंमत झाली. मी तंबाखू मळत होतो. एकीने शंख काचेवर आपटला, टक् टक्. तुला आठवतं ना, मी ओसरीवर भावकीला शिव्या देत बसलो आणि बोळातून कुणी आलं की तुझी आई चुन्याच्या डबीवर नखाने दोनदा वाजवायची? म्हणजे गप बसा, माणूस आलं. अगदी तसा आवाज. आणि लगेच कुलपात किल्ली फिरली, रवी आला.

भुकटीत एक बारका स्क्रू निघाला. टाकीच्या झाकणाचा असेल म्हणून रवीच्या हत्यारांच्या डब्यात टाकला.

१९ डिसेंबर, गुरुवार

माझा फोन बंद पडलाय असं रवी म्हणतो. काल तर चालत होता. दुरुस्तीला घेऊन गेला. तुझा फोन त्याच्या मोबाईलवर आला होता, पण मी झोपलो होतो असं त्याने तुला सांगितलं. मी झोपलो नव्हतो. काच पुसत होतो. एवढ्या तेवढ्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नाहीत असं ठरवलंय.

टक् टक् रोज होतं. दर वेळी कुलूप उघडायच्या आधी. एकदाही चुकलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

धुण्याभांड्याला सरजाबाई येते, अर्धापूरकडची. तोंडाची फटकळ. आज मला म्हणाली, मामा, पेन्शनीत गोगलगायी वळायला लागले व्हय? मग खुर्चीकडे बघून म्हणाली, मावशी बी हितंच बसायच्या, अशाच. मी म्हणालो, सिंधूच्या आईलाही भुकटी टाकायचं काम होतं का? तर म्हणाली, न्हाई ओ, तवा शेळीचं हाडूक कुटून टाकायचे, मीच कुटून दिलं हाय. तवा ह्या निस्त्या पांढऱ्या व्हत्या. ठिपके लई मागनं आले. मावशी गेल्या त्याच्या फुडच्या दिवाळीला.

शिवांगीने आतून हाक मारली, भांडी तशीच पडलीत म्हणून. सरजाबाई गेली.

हे मला आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता येत नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

बरणीत तळाला दोन चमचे उरलेत. मी रवीला सांगितलं, भुकटी आणावी लागेल. तो म्हणाला, सोय होईल अण्णा, तुम्ही नका काळजी करू. बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. गुडघ्यांकडे बघत होता.

आजपासून दूध तीन वेळा.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सिंधु, हे नीट वाच. मी भ्रमिष्ट झालेलो नाही. आज तारीख सत्तावीस, वार शुक्रवार, दुपारचे दोन वाजलेत, ऊन टाकीवर आलंय.

भुकटी संपली. दुसरी कुठे आहे का बघावी म्हणून गॅलरीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर माझं कडं होतं. खाली ओळीने बरण्या, प्रत्येकीवर रवीच्या अक्षरात चिठ्ठी. वही मी दोघं बाहेर गेल्यावरच काढतो, रवीला वाटतं त्याच्या बापाला वाचता येत नाही. चौथी का होईना, शिकलोय मी. एकेक अक्षर लावत वाचलं.

अंड्याची टरफलं — उपयोग नाही.

शिंपले — उपयोग नाही.

शेळी — थोडा.

आई — उत्तम.

ही आईची बरणी रिकामी. मी रोज टाकीजवळ घेतो तिच्याच मापाची, तसलंच निळं झाकण. तळाला तीच भुकटी चिकटलेली.

तिच्या शेजारी एक धुऊन पालथी घातलेली बरणी. तिच्यावरही चिठ्ठी आहे. अण्णा. पुढे काही लिहिलेलं नाही.

मी हत्यारांच्या डब्यातून तो स्क्रू शोधला. तुझ्या आईचं मनगट लातूरला जोडलं तेव्हा डॉक्टरने फोटो उजेडाला धरून आपल्या दोघांना दाखवला होता. एक पट्टी, सहा स्क्रू. तू म्हणालीस, आई, आता तू लोखंडाची झालीस. ती किती हसली होती.

मी रोज एक चमचा टाकत होतो. माझ्या हाताने. सपाट चमचा, सांडू नये म्हणून बोट लावून.

२८ डिसेंबर, शनिवार

रवीला विचारलं. त्याने नाही म्हणावं म्हणून विचारलं. त्याने नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, तुझी शपथ.

तो गोळीचा पत्रा फोडत होता. थांबला नाही. म्हणाला, अण्णा, गोदावरीत सोडलं असतं तर आई कुठं गेली तुम्हाला दिसलं असतं का? हितं रोज दिसती की. मग म्हणाला, घ्या, गोळी घ्या.

राख सावडायच्या दिवशी माझी साखर उतरली होती, मी दवाखान्यात पडून होतो. तो एकटा गेला. ओल्या कपड्यांनी परत आला आणि म्हणाला, सोडली हो अण्णा, नीट सोडली. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणालो, लेक असावा तर असा. ते मला आता आठवतं आणि हात कापून टाकावा वाटतो.

ते ओले कपडे कसले होते, सिंधु? नळाखाली उभा राहिला असेल.

३० डिसेंबर, सोमवार

खालच्या मजल्यावरचे बसवंतराव वर आले होते. मी खोलीतून ओरडलो, मला लातूरला पोचवा. रवीने दारातच त्यांना ते मोबाईलवरचं चित्र पुन्हा दाखवलं, मी गोगलगायींशी बोलतो ते. बसवंतराव हळू आवाजात म्हणाले, माझ्या वडलांचं बी शेवटी असंच झालं होतं. मग मला हात जोडून गेले.

म्हणजे ते चित्र गमतीसाठी काढलंच नव्हतं.

दूध नको म्हणालो. शिवांगी पेला धरून बसली. दोन तास. रागावली नाही, एक शब्द वाकडा बोलली नाही. मामंजी, तुमच्याच भल्यासाठी, एवढंच म्हणत राहिली. शेवटी प्यालो.

१ जानेवारी, बुधवार

भुकटी नाही म्हणून त्या एकमेकींचे शंख खरवडताहेत. ठिपके पुसट व्हायला लागले. मला बघवेना. चुन्याच्या डबीतला चुना नखावर घेऊन पाण्यात धरला. एकीने तोंड लावलं आणि मागे गेली.

मग माझ्या बोटाला आली. नखाच्या कडेला. हळूहळू, खरखर— दुखत नाही. मांजराच्या जिभेसारखं.

हात काढायला पाहिजे होता. काढला नाही. दीड वर्षाने तिने हात धरला असं वाटलं—

टक् टक्. मी डोळे पुसले. रवी आला.

२ जानेवारी, गुरुवार

बाथरूममधलं रबरी पायपुसणं काढलंय. पकडायची दांडीही काढली. भोकं राहिलीत भिंतीत.

मी विचारलं तर शिवांगी म्हणाली, खराब झालं होतं.

तुझी आई कशी गेली ते आपल्याला काय सांगितलं होतं? बाथरूममध्ये पाय घसरला. आपण रडलो. विचारलं नाही काही.

मी आंघोळ केली नाही. थंडीचं निमित्त सांगितलं. एक दिवस गेला. किती दिवस निमित्त—

३ जानेवारी, शुक्रवार

सरजाबाईला गाठलं. शिवांगी फोनवर होती. आधी हसली, म्हणाली, मामा, ऊन लागलं का ओ थंडीत? मी स्क्रू दाखवला. बरणीवरची चिठ्ठी वाचून दाखवली.

मग हसली नाही. पोछा हातात धरून खाली बसली. म्हणाली, मावशी मला एकदा म्हनल्या व्हत्या, सरजे, तुला लिवता येतंय का? माझ्या लेकीला लातूरला दोन ओळी लिव. मी म्हनलं, मला कुठं लिवता येतंय मावशी. तर म्हनल्या, मलाबी न्हाई.

सिंधु, तिला तुला काहीतरी कळवायचं होतं. लिहिता येत नव्हतं. मला येतं. बारा दिवस मी हात दुखतो म्हणून लिहिलं नाही.

सरजाबाई पोलिसांत जाणार नाही. लेकीचं लग्न आहे, घाबरते. फोन करायचा तर तुझा नंबर मला पाठ नाही. पण वही नेते म्हणाली. उद्या. पोछ्याच्या बादलीत, कपड्याखाली. स्टँडवर लातूर गाडीच्या कंडक्टरकडे देईल. तुझा पत्ता आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

रवी आज लवकर आला. माझे पाय दाबले. लहानपणीसारखे. गुडघ्यापासून खाली, चाचपून, चाचपून—

४ जानेवारी, शनिवार

टाकीजवळच्या खुर्चीत बसून लिहितोय. सकाळचे दहा. सरजाबाई फरशी पुसते. दहा मिनिटं आहेत, फार तर.

वहीबरोबर गोळ्यांची रिकामी बाटली आहे. झाकणाला सुईने भोकं पाडलीत. आत ओल्या कापसात एक आहे. सगळ्यात मोठी, ठिपके शाबूत असलेली. दोन दिवस पाण्याबाहेर राहते, रवी लांबच्या गावांना अशाच पाठवतो. उघडून घाबरू नकोस. घरात ठेवू नकोस, काचेत तर मुळीच नको. मांजरा नदीवर जा. हाताने सोड. आईला सोडताना म्हणतात ते म्हण. त्या पोराने म्हटलं नाही.

बाकीच्यांचं— कडं माझ्याकडे आहे. कपाटातून परवाच काढलं. आत्ता टाकीत सोडलं. वाळूत बसलं.

तिला पुन्हा मारलं का मी? पण त्याच्या हातात कशी ठेवू? रोज तिला विकतो तो. टाकी मेली तर त्याला कुणाची हाडं लागणार नाहीत. पण एक दिवस लागतो. मला दुपारपर्यंत तरी—

त्या काचेवर आल्यात. सगळ्या. माझ्या बाजूला. पळत नाहीत, खाली जात नाहीत.

शिवांगी हाक मारती. आंघोळीचं पाणी काढलंय. मामंजी, गरम हाय तंवर या.

मी म्हणालो, येतो. दोनदा म्हणालो.

रवीची चप्पल दारात आहे. आज बाहेर गेला नाही.

सरजाबाई बादली घेऊन आली. वही मागती. थांब म्हटलं, एक ओळ.

सिंधु, संक्रांतीची वाट बघू नकोस. वही मिळाली की निघ, जावयाला घेऊन ये, एकटी येऊ नकोस. दूध देतील, पिऊ नकोस. आणि आई पोचली एवढा निरोप लगेच धाड, सरजाबाईच्या हाती धाड, रवीच्या फोनवर नको, मला कसंही करून कळेल, तू फक्त लवकर—

बाटलीतून आवाज येतोय. टक् ट